चौदा जणांचा देश: मान्यता नसलेल्यांची फुटसाल स्पर्धा कशी उभी राहते

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'फिफाची मान्यता नसलेले देश, प्रांत, अल्पसंख्य समाज यांच्या संघांची आंतरराष्ट्रीय फुटसाल स्पर्धा भरवायची तर कशी भरवतात? तिला मान्यता कोण देतं? खेळाडूंवर बंदी येते का? आणि विदर्भाचा किंवा कोकणाचा संघ अशा ठिकाणी जाऊ शकतो का?' विचारणारे गोंदिया जिल्ह्यातले आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीतली मुलं त्यांच्या गावच्या मैदानावर खेळायला येतात, त्यावरून हा विषय डोक्यात आला, असं त्यांनी लिहिलं आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता पुण्यात. बावीस वर्षं फुटसालची (हॉलमध्ये पाच-पाच जणांनी खेळायच्या फुटबॉलची) पंचगिरी आणि स्पर्धांचं टेबलावरचं काम करतो, म्हणजे गटवारी, वेळापत्रक, घड्याळ, हरकती. यातल्या हरकतींवर मी जरा जास्त बोलणार आहे. त्याचं कारण एक जुनी रात्र.

पुण्यात परदेशी विद्यार्थी पुष्कळ. त्यांच्या एका स्पर्धेचं काम माझ्याकडे होतं. आठ संघ, प्रत्येकाच्या नावापुढे देशाचं नाव. आदल्या रात्री दहाच्या सुमारास इराकच्या यादीतली चार मुलं खोलीवर आली. म्हणाली, आम्ही कुर्द आहोत, आम्हाला 'कुर्दिस्तान' नावाने उतरायचंय. मी म्हटलं, चार जणांत संघ होत नाही, गोलकीपर धरून पाच लागतात. सकाळी ती सहा होऊन आली, दोन येमेनी मित्र घेऊन. आता उरलेले इराकी म्हणाले, हे कुर्द कुठले? येमेनी मुलं म्हणाली, आम्हाला कुणी विचारलंच नाही, आम्ही फक्त खेळायला आलोय. आयोजक कॉलेजने हात वर केले आणि निर्णय माझ्या गळ्यात पडला. मी त्यांना खेळू दिलं. दुसऱ्या दिवशी हरलेल्या संघाने लेखी हरकत दिली आणि ती बरोबर होती. नियम मी सामन्याच्या सकाळी बनवला होता, आणि सकाळी बनवलेला नियम संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मान्यता, झेंडा, राजकारण यांवर लोक खूप बोलतात, पण अशी स्पर्धा बहुतेक वेळा 'हा खेळाडू तुमचा कसा?' याच प्रश्नावर फुटते. अकरा जणांच्या फुटबॉलपेक्षा फुटसालमध्ये तर जास्तच. त्याकडे येतो, पण आधी मान्यतेचं.

फुटसालचा स्वतःचा इतिहासच मान्यतेच्या भांडणाचा आहे. १९३० मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात वायएमसीएच्या बंदिस्त हॉलमध्ये हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने पाच-पाच जणांचा हा खेळ बसवला. १९७१ मध्ये ब्राझीलमध्ये त्याची जागतिक संघटना निघाली, फिफुसा. तिने १९८२ मध्ये साओ पावलोला पहिला विश्वचषक भरवला, तोवर फिफाचं लक्षही नव्हतं. लक्ष गेलं तेव्हा भांडण लागलं, अगदी 'फुटबॉल' हा शब्द कुणी वापरायचा इथपर्यंत. 'फुटसाल' हा जोडशब्द त्याच ओढाताणीत रूढ झाला. फिफाने १९८९ मध्ये नेदरलँड्सला आपला वेगळा विश्वचषक सुरू केला. जुनी संघटना मात्र मेली नाही. २००० नंतर ती एएमएफ या नावाने पुन्हा उभी राहिली आणि आजही आपले विश्वचषक भरवते. तिच्या नियमांत चेंडू बाजूने बाहेर गेला की हाताने आत टाकतात, फिफाच्या फुटसालमध्ये पायाने. भारतातही हे दुभंगलेपण आलंच. २०१६ मध्ये मुंबई, गोवा, कोची वगैरे नावांच्या संघांची जी प्रीमियर फुटसाल स्पर्धा झाली, रोनाल्डिन्हो आणि फिगो हे मोठे फुटबॉलपटू आले होते ती, तिला एआयएफएफचा, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा, आशीर्वाद नव्हता.

हे इतकं सांगायचं कारण, दोन घरं असली की तिसऱ्याला ओसरी मिळते. फिफाच्या जगात स्पेन हा एक संघ. एएमएफच्या जगात कॅटालोनियाला स्वतंत्र जागा आहे, आणि त्यांचा संघ विश्वचषकांत खेळलेला आहे. २००८ मध्ये महिलांचा पहिला एएमएफ विश्वचषक कॅटालोनियातल्या रेउस शहरात झाला, आणि तो जिंकला गॅलिसियाने. स्पेनचा एक प्रांत जगज्जेता! फिफाला महिलांचा पहिला फुटसाल विश्वचषक भरवायला २०२५ उजाडलं. तेव्हा 'मान्यता कोण देतं' याचं उत्तर फुटसालमध्ये फुटबॉलइतकं सरळ नाही. तिथे एकच दार आहे, इथे दोन आणि एक खिडकी.

खिडकी म्हणजे कोनिफा, फिफाबाहेरच्या संघांची फुटबॉल संघटना. तिच्या आधीची थोडी वंशावळ सांगतो. २००३ मध्ये ब्रसेल्सला एनएफ-बोर्ड नावाची संस्था निघाली, फिफाबाहेरच्यांसाठी. २००६ हे वर्ष या मंडळींचं सुगीचं होतं. हॅम्बुर्गच्या सेंट पाउली क्लबने फिफी वाइल्ड कप भरवला. तिबेट, ग्रीनलँड, जिब्राल्टर, झांझिबार, उत्तर सायप्रस आणि सहावा संघ म्हणजे स्वतः क्लबच, 'सेंट पाउली प्रजासत्ताक' म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तर सायप्रसमध्ये एल्फ कप झाला. त्यात क्रिमियन तातार होते, मोल्दोव्हातले गागाउझ होते, आणि किर्गिझस्तान व ताजिकिस्तान हे चक्क फिफाचे सदस्यही होते. त्यांनी पाठवले काय, तर आपले फुटसाल संघ! मोठ्या मैदानावर फुटसालवाले. मला हा किस्सा फार आवडतो. फुटबॉलचा राष्ट्रीय संघ अशा ठिकाणी पाठवला तर आफत, पण फुटसालकडे कोण बघतंय, असा हिशेब असावा.

कोनिफा २०१३ ची. पहिले अध्यक्ष पेर-अँडर्स ब्लिंड, स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडच्या सामी समाजाचे. तिचे विश्वचषक २०१४ मध्ये स्वीडनमधल्या ऑस्टरसुंडला, २०१६ मध्ये जॉर्जियापासून फुटलेल्या अबखाझियात सुखुमीला आणि २०१८ मध्ये लंडनला झाले. तिन्ही अंतिम सामने पेनल्टींवर सुटले. अनुक्रमे फ्रान्समधलं नीस, अबखाझिया आणि कारपाताल्या जिंकले. २०२० चा विश्वचषक उत्तर मॅसेडोनियात स्कोप्येला ठरला होता, तो करोनाने खाल्ला. कारपाताल्या म्हणजे पश्चिम युक्रेनमधला हंगेरियन समाज. तो २०१८ च्या यादीत मुळात नव्हता. फेल्व्हिडेक, म्हणजे स्लोव्हाकियातले हंगेरियन, त्यांनी माघार घेतली म्हणून याला बोलावलं. बदली संघ कप घेऊन गेला. राखीव यादी ठेवायचा कंटाळा करणाऱ्या आयोजकांना मी हेच सांगतो.

हे सगळं अकरा जणांचं फुटबॉल. आता फुटसाल का, ते हिशेबाने पाहू.

फुटबॉलचा संघ म्हणजे तेवीस खेळाडू आणि सहा-सात माणसं सोबत. तीस जण धरा. सोळा संघ आले तर पाचशेच्या आसपास माणसं, चार-पाच मैदानं, गावभर बसगाड्या, आणि पाऊस. फुटसालचा संघ चौदा जणांचा. प्रशिक्षक, फिजिओ, व्यवस्थापक आणि एक हरकाम्या धरून अठरा. आठ संघ म्हणजे एकशे चव्वेचाळीस माणसं. एका वसतिगृहात मावतात. चार-चारचे दोन गट केले की गटात बारा सामने, उपांत्य दोन, तिसऱ्या जागेचा आणि अंतिम मिळून सोळा. पाचव्या ते आठव्या जागेचे चार धरले तर वीस. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, पण चेंडू थांबला की घड्याळ थांबतं, त्यामुळे मध्यंतर धरून सामना दीड तासाच्या आसपास जातो. प्रत्येकाला दोन तास दिले तर एका हॉलमध्ये दिवसाला चार सामने निवांत होतात. तीन दिवसांत गट संपतात, मग एक दिवस विश्रांती आणि दोन दिवस बाद फेरी. आठवडा पुरतो.

पाचव्या ते आठव्या जागेचे सामने 'कशाला हवेत' म्हणून कापू नका. कोनिफातही हरलेले संघ क्रमवारीचे सामने खेळत राहतात. वर्षभर वर्गणी गोळा करून चौदा पोरं आणायची आणि तीन सामन्यांत परत पाठवायची, हे बरं दिसत नाही. या लोकांना पुढचा आंतरराष्ट्रीय सामना कधी मिळेल, ते कुणी सांगू शकत नाही.

हॉलबद्दल एक सल्ला, फुकटचा पण कामाचा: बास्केटबॉलचं कोर्ट बघू नका, हँडबॉलचं शोधा. आंतरराष्ट्रीय फुटसालला लांबी ३८ ते ४२ मीटर आणि रुंदी २० ते २५ मीटर लागते. हँडबॉलचं कोर्ट बरोबर ४० बाय २०, आणि गोलही तोच, तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. बास्केटबॉलचं २८ बाय १५, म्हणजे कोंडवाडा. आणि कृपा करून टर्फला फुटसाल म्हणू नका. शहरांत जाळी लावलेले जे टर्फ तासावर मिळतात, तिथला खेळ मजेचा आहे, मीही खेळतो. पण फुटसालचा चेंडू चार नंबरचा आणि मुद्दाम कमी उसळणारा असतो, दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंटीमीटर. तो लाकडी किंवा तशा सपाट पृष्ठभागासाठी बनवलेला आहे. गवतासारख्या पात्यांवर तो चेंडू मेल्यासारखा पडतो, मग लोक पाच नंबरचा आणतात, आणि मग जे चालतं ते फुटसाल राहत नाही.

पंच प्रत्येक सामन्याला चार: मैदानावर दोन, तिसरा पंच आणि घड्याळवाला. दिवसाला चार सामने तर आठ-दहा पंच हवेत. इथे अडचण अशी की अधिकृत संघटनेच्या यादीवरचे पंच अशा स्पर्धेला येताना कचरतात, नाव कापलं जाईल म्हणून. मग निवृत्त पंच, एएमएफकडचे पंच, हौशी पंच यांची मोट बांधावी लागते, आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं नियमपुस्तक असतं. म्हणून स्पर्धेच्या पहिल्या पत्रातच लिहा की फिफाचे फुटसाल नियम लागू, चेंडू पायाने आत, एका डावात संघाच्या सहाव्या फाउलपासून भिंतीशिवाय फ्री किक, लाल कार्ड मिळालं तर संघ दोन मिनिटं किंवा गोल खाईपर्यंत एका माणसाने कमी. हे कागदावर नसेल तर दोन वेगळ्या परंपरांतले संघ पहिल्याच सामन्यात टेबलाभोवती जमा होतात. कोनिफाने २०१८ मध्ये हिरवं कार्ड आणलं होतं. वाद घालणाऱ्या किंवा खोटं पडणाऱ्या खेळाडूने बाहेर जायचं, पण त्याच्या जागी बदली चालतो. फुटसालमध्ये बदल तसेही अमर्याद आणि धावते, त्यामुळे इथे हे कार्ड जसंच्या तसं लावायचं तर 'त्या खेळाडूने त्या सामन्यात परत यायचं नाही' असं स्पष्ट लिहावं लागेल. कल्पना मला पसंत आहे.

आता हरकतींकडे.

देशाच्या संघात पात्रता पासपोर्टवर ठरते. पासपोर्ट नसलेल्या देशात कशावर ठरवायची? जन्म, आई-वडील, आजी-आजोबा, भाषा, वास्तव्य, सगळं चालतं आणि सगळ्याला भोकं आहेत. आपल्याकडे जात पडताळणीसाठी ज्याने पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधलाय, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. आणि हे दुखणं फक्त मान्यता नसलेल्यांचंच आहे असं समजू नका. २००८ च्या फिफा फुटसाल विश्वचषकात इटलीचा संपूर्ण संघ ब्राझीलमध्ये जन्मलेला होता. सगळ्यांकडे इटलीचे कागद होते, म्हणून हरकत टिकली नसती. कागद असला की प्रश्न मिटतो, माणूस कुठलाही असो. इथे नेमका तो कागदच नाही.

फुटसालमध्ये हे जास्त टोचतं, कारण माणसं कमी. तेवीस जणांत दोन संशयास्पद खेळाडू लपून जातात. इथे मैदानावर पाच, त्यातला एक गोलकीपर. ब्राझीलमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या लीगमधले दोन चांगले खेळाडू आणून कुठल्यातरी पणजीच्या नावावर उतरवले, तर तो संघ स्पर्धा जिंकू शकतो. ही शक्यता मी नेहमी धरूनच चालतो.

२०१८ ला लंडनमध्ये काय झालं ते बघा. एलान व्हॅनिन, म्हणजे आयल ऑफ मॅनचा संघ, पहिल्या स्पर्धेचा उपविजेता, तगडा. त्यांच्या गटात 'बारावा' नावाचा संघ होता, सोमालियातल्या बारावा शहराभोवतीच्या समाजाचा, लंडनस्थित संघ आणि स्पर्धेचा यजमान. बारावाने उशिरा घेतलेल्या एका खेळाडूवर एलान व्हॅनिनने हरकत घेतली. निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला आणि ते स्पर्धा सोडून निघून गेले. कोण बरोबर होतं यावर आजही वाद घालता येईल. मला त्यातून एवढंच दिसतं की स्पर्धा सुरू झाल्यावर यादी उघडी ठेवली तर कुणीतरी दुखावणारच, आणि यजमान गुंतलेला असेल तर निकाल बरोबर असूनही कुणी मानणार नाही.

माझी पद्धत सांगतो. पात्रतेची व्याख्या प्रत्येक संघाने स्वतः लिहायची, आपल्या लोकांबद्दल आपल्या शब्दांत, पण सहा महिने आधी, आणि ती सगळ्यांना वाचायला द्यायची. आपलं कोण हे त्यांनाच ठरवू द्या, तो त्यांचा हक्क आहे. एकदा लिहिलं की मात्र बदल नाही. चौदा नावं आणि चार राखीव, अशी अठरा जणांची यादी तीस दिवस आधी. त्यानंतर दहा दिवस हरकतींसाठी. हरकत घेणाऱ्याने पुरावा आणि थोडी अनामत ठेवायची, हरकत खरी ठरली तर अनामत परत. निकाल तीन जणांची समिती देणार, त्यात यजमानाचा माणूस नाही आणि त्या गटातला कुणी नाही. पहिल्या शिट्टीनंतर पात्रतेवर एकही हरकत घ्यायची नाही. दुखापत झाली तर बदली त्या चार राखिवांतूनच. हे कडक वाटतं, आणि मलाही दोनदा या नियमापायी वाईट वाटलं आहे, पण त्या कुर्द पोरांच्या रात्रीनंतर मी यात ढील देत नाही.

कोल्हापुरात वाढलेल्याला हा प्रश्न ओळखीचा असतो. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहिलेल्यांना माहीत आहे, पेठेचा मुलगा समोरच्या पेठेच्या जर्सीत दिसला की गॅलरीतून काय काय ऐकू येतं. तिथेही पासपोर्ट नाही. 'आपला' म्हणजे कोण हे गल्लीला पक्कं माहीत असतं, पण कागदावर लिहा म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

पुढचं घोडं अडतं व्हिसापाशी. संघाला स्पर्धा मिळते, खेळाडूला व्हिसा मिळत नाही. तुमच्याकडच्या तिबेटी मुलांचंच घ्या. भारतात जन्मलेल्या तिबेटी निर्वासितांकडे बहुधा पासपोर्ट नसतो, भारत सरकारचं ओळख प्रमाणपत्र असतं, पिवळ्या पुस्तकासारखं. त्यावर परदेशी व्हिसा मिळवायचा, आणि भारतात परत येण्याची परवानगीही वेगळी घ्यायची. २०१७ मध्ये तिबेटी मुलींच्या संघाला अमेरिकेतल्या डॅलसच्या स्पर्धेचं बोलावणं होतं, दिल्लीच्या दूतावासाने व्हिसा नाकारले. त्याआधी, २००१ मध्ये तिबेटचा ग्रीनलँडशी कोपनहेगनला सामना झाला, तो ग्रीनलँडने ४-१ असा जिंकला. तिबेटी फुटबॉलच्या गप्पांत त्याचं नाव अजून निघतं. हरलेल्या सामन्याचं एवढं कौतुक का? तर तो झाला. बाकी वर्षभर त्यांचं फुटबॉल चालतं ते वसाहतींच्या आपसातल्या ग्याल्युम चेन्मो चषकात, दलाई लामांच्या आईच्या स्मृतीत १९८१ पासून चालत आलेल्या.

म्हणून जागा निवडताना 'हे शहर सुंदर आहे का' याआधी 'कोणाचा व्हिसा इथे मिळतो' हे विचारा. यजमान भूमी स्वतः वादातली असेल तर आणखी पंचाईत. सुखुमीला २०१६ मध्ये जायचं म्हणजे रशियातून सोचीमार्गे सीमा ओलांडायची, आणि जॉर्जियाच्या कायद्याने तो प्रवेशच बेकायदा. म्हणजे एका स्पर्धेपायी खेळाडूच्या पुढच्या प्रवासावर डाग. कोनिफाचा २०१९ चा युरोपीय चषक आर्ट्साखमध्ये, म्हणजे आर्मेनियन लोकांच्या नागोर्नो-काराबाखमध्ये झाला, दक्षिण ओसेशिया जिंकला. चार वर्षांत, सप्टेंबर २०२३ मध्ये, अझरबैजानने ते ताब्यात घेतलं आणि ते आर्ट्साखच राहिलं नाही. एक लाखाच्या आसपास आर्मेनियन घरदार सोडून गेले. ज्या मैदानावर अंतिम सामना झाला, तिथे यजमान संघातला कुणीही आज जाऊ शकत नाही. बारावाने यजमानपद घेतलं आणि स्पर्धा लंडनमध्ये भरवली, ही युक्ती मला शहाणपणाची वाटते. यजमानाचं नाव एक, गाव तिसरंच. फुटसालला तर एक हॉल आणि एक वसतिगृह पुरतं, त्यामुळे हे आणखी सोपं.

निमंत्रणपत्रं पाच-सहा महिने आधी, प्रत्येक खेळाडूच्या नावाने स्वतंत्र, आणि त्यात संघाच्या नावासोबत त्याच्या प्रवासाच्या कागदावरचं नाव अक्षरन् अक्षर. दूतावासातल्या कारकुनाला 'कुर्दिस्तान' किंवा 'कबिलिया' लिहिलेलं पत्र दिसलं की तो दोन प्रश्न जास्त विचारतो. पत्र क्रीडासंकुलाच्या किंवा स्थानिक संघटनेच्या कागदावर असलं तर एकच विचारतो.

झेंडे आणि गाणी यांचं मी फार करत नाही. जो संघ जे नाव लावतो तेच स्कोअरबोर्डवर, त्याचा झेंडा, त्याचं गीत, एक मिनिट. दुसऱ्या संघाविरुद्ध घोषणा किंवा फलक नाही, जर्सीखाली लपवलेला मजकूर नाही. इतकं पुरतं. स्कोअरबोर्डवर मात्र नीट लक्ष द्या. संक्षिप्त तीन अक्षरं चुकली तर माणसं गोलपेक्षा त्यावर जास्त चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

एकतर्फी सामन्यांची तयारी ठेवा. २००६ मध्ये एनएफ-बोर्डच्या पहिल्या विवा विश्वचषकात सामींनी मोनॅकोला २१-१ ने हरवलं होतं, तेही मोठ्या मैदानावर. फुटसालमध्ये घड्याळ थांबतं, गोल जवळ, बदल अमर्याद. एक कच्चा संघ असला तर पंचवीस गोल सहज होतात. गोलफरकावर गटातली क्रमवारी ठरत असेल तर सगळे त्या कच्च्या संघाला चिरडायला निघतात. म्हणून गुण सारखे झाले तर आधी आपसातला निकाल, मग त्या सारख्या संघांतलाच गोलफरक, आणि सगळ्या सामन्यांचा गोलफरक अगदी शेवटी, तोही दर सामन्याला दहाच्या वर न मोजता. गट पाडताना मागच्या निकालांपेक्षा एक गोष्ट विचारा: तुमच्याकडे हॉल आहे का? बर्फाच्या प्रदेशातले लोक हिवाळाभर आत खेळतात, ते नाव छोटं असलं तरी फुटसालमध्ये भारी असतात. प्रशांत महासागरातला तुवालू हा फिफाचा सदस्य नसलेला देश ओशनियाच्या फुटसाल स्पर्धांत खेळलेला आहे. बेटावर जागाच कमी, हा खेळ त्यांना परवडतो.

बंदीचं विचारलंत. फिफाच्या घटनेनुसार सदस्य संघटना आणि तिचे क्लब परवानगीशिवाय बाहेरच्या संघांशी खेळू शकत नाहीत. एकट्या हौशी खेळाडूचं काय होईल ते त्याच्या देशावर अवलंबून. २०१८ चा कप जिंकून परतलेल्या कारपाताल्याच्या खेळाडूंच्या चौकशीची मागणी युक्रेनच्या तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांनी जाहीरपणे केली, आणि तिथल्या फुटबॉल संघटनेने बंदीची कारवाई केली. ही टोकाची गोष्ट झाली, पण झाली. म्हणून नोंदणीकृत खेळाडूने आधी आपल्या संघटनेकडून लेखी ना-हरकत घ्यावी, मिळत नसेल तर घरी बसावं, आणि आयोजकाने हे त्याला यादी देण्याआधी सांगावं. उलट बाजूही आहे. जिब्राल्टर २००६ ला हॅम्बुर्गमध्ये या पंगतीत होतं, २०१३ मध्ये युएफात, म्हणजे युरोपच्या महासंघात गेलं, २०१६ मध्ये फिफात. झांझिबार मार्च २०१७ मध्ये आफ्रिकेच्या महासंघात शिरलं आणि जुलैत बाहेर काढलं गेलं. ग्रीनलँडने उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या महासंघाचं दार ठोठावलं, २०२५ मध्ये एकमताने नकार आला.

राहता राहिला विदर्भ आणि कोकण. कोनिफाच्या निकषांत भाषिक अल्पसंख्य समाजाची एक वाट आहे, भाषेला आंतरराष्ट्रीय यादीतला संकेत असणं वगैरे. कोकणीला तसा संकेत आहे, त्यामुळे कागदावर कुणी युक्तिवाद करू शकेल. विदर्भाला ती वाट नाही, भाषा मराठीच. पण मला विचाराल तर अडथळा निकषांचा नाहीच. २०१६ च्या अंतिम सामन्यात अबखाझियाला पेनल्टीपर्यंत नेणारा पंजाबचा संघ ब्रिटनमधल्या पंजाबी पोरांनी उभा केला होता, तिथल्याच क्लबांत खेळणाऱ्या. तमिळ ईलमचाही संघ परदेशस्थ तमिळांचा. असा संघ तिथे उभा राहतो जिथे लोक दूर गेलेत आणि त्यांना रविवारी एकत्र यायला कारण हवंय. नागपुरात बसून विदर्भाचा आंतरराष्ट्रीय संघ काढलात, तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी वेगळ्या राज्याचा झेंडा आणेल, दुसरा उठून जाईल, आणि फुटसाल खेळणारी पोरं दारात चेंडू घेऊन उभी राहतील.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर त्या वसाहतीतल्या मुलांसाठी जवळपास हँडबॉलचं कोर्ट कुठे आहे ते शोधा. चार नंबरचे दोन चेंडू घ्या. त्यांचा संघ, तुमच्या गावचा संघ, आणखी दोन बोलवा, एक दिवस, सहा सामने. त्यांच्या जर्सीवर कुठलं नाव लिहायचं ते त्यांना विचारा. यादी मात्र आदल्या आठवड्यात घ्या.